पोस्टडॉकच्या संधी अनेक, मुदत मोजकी

जैववैद्यकीय विषयात पीएच.डी. मिळवलेल्या संशोधकाला स्वतःची प्रयोगशाळा उभी करण्यापूर्वी काही वर्षे दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करावे लागते. या टप्प्याला जगभर ‘पोस्टडॉक’ असे सुटसुटीत नाव आहे. ‘डॉक्टरेटोत्तर संशोधन’ हा त्याचा मराठी अवतार परिपत्रकांबाहेर फारसा पडलेला नाही. पोस्टडॉक करणारा विद्यार्थी नसतो, कारण त्याच्याकडे सर्वोच्च पदवी असते. आणि तो कायम कर्मचारीही नसतो, कारण त्याची नेमणूक वर्ष-दोन वर्षांच्या कराराने होते. प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष संशोधनाचा मोठा भार मात्र याच वर्गाच्या खांद्यावर असतो. कर्करोगाच्या पेशी, मलेरियाचा परजीवी, लसींची रचना अशा विषयांवर नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध होणाऱ्या शोधनिबंधांवर पहिले नाव पुष्कळदा पोस्टडॉकचे असते आणि शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे.

भारतीय पीएच.डी.धारकांना खुल्या असलेल्या फेलोशिपची यादी मोठी आहे. जाहिरात वाचताना नजर साहजिकच विद्यावेतनाच्या आकड्यावर जाते. परंतु दार उघडते किंवा बंद होते ते पात्रतेच्या कलमातील तारखेमुळे. पीएच.डी. मिळून किती वर्षे झाली, वय किती, त्या देशात आधी किती महिने वास्तव्य झाले, असे प्रश्न तेथे असतात. कोठे तीन वर्षांची मुदत, कोठे चार, कोठे सहा, तर कोठे आठ. मुदत उलटली की उत्तमातल्या उत्तम शोधनिबंधाचाही उपयोग होत नाही. म्हणूनच पोस्टडॉकची जुळवाजुळव प्रबंध लिहायला घेतानाच सुरू करावी, असे या क्षेत्रातील जाणकार सांगत असतात.

या टप्प्याचे महत्त्व आणि त्यातील अनिश्चितता, दोन्ही कळण्यासाठी दोन नावे पुरेशी आहेत. डॉ. हरगोविंद खुराना यांनी १९४८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली आणि ते झुरिक येथे व्लादिमिर प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना विद्यावेतन नव्हते. साठवलेल्या पैशांवर त्यांनी वर्षभराच्या आसपासचा काळ काढला. १९४९ मध्ये ते भारतात परतले, पण मनाजोगे काम मिळाले नाही. पुढे केंब्रिजची फेलोशिप, १९५२ मध्ये कॅनडात व्हँकुव्हर येथे स्वतंत्र संशोधनाची संधी आणि १९६८ मध्ये नोबेल, असा तो प्रवास आहे. डॉ. व्यंकटरामन रामकृष्णन यांची पीएच.डी. भौतिकशास्त्रातील, १९७६ सालची. त्यानंतर जीवशास्त्र शिकण्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे पोस्टडॉक करताना रायबोसोमच्या अभ्यासाकडे वळले. त्यानंतर सुमारे ५० विद्यापीठांकडे अर्ज करूनही त्यांना प्राध्यापकपद मिळाले नव्हते. २००९ चे नोबेल मिळाले ते त्याच रायबोसोमच्या रचनेसाठी. पुन्हा विद्यार्थी होण्यात त्यांनी घालवलेली वर्षे आजच्या पात्रतेच्या कलमांत ‘पीएच.डी.नंतरची वर्षे’ म्हणूनच मोजली गेली असती, हे जाता जाता नोंदवायला हवे.

घड्याळ केव्हा सुरू होते?

‘पीएच.डी.ची तारीख’ म्हणजे नेमकी कोणती, हा वरवर साधा वाटणारा प्रश्न आहे. काही योजना मौखिक परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिवस धरतात, काही पदवी प्रमाणपत्रावरील तारीख धरतात. दीक्षान्त समारंभाचा दिवस या दोहोंपेक्षा बराच पुढचा असू शकतो. आपल्या योजनेत कोणती तारीख ग्राह्य आहे हे आधी वाचून घ्यावे. दोन तारखांमधील अंतर एखादी संपूर्ण अर्जफेरी गिळू शकते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्रबंध सादर झाल्यापासून मौखिक परीक्षेच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण होणे अपेक्षित आहे. ‘अपेक्षित’ हा शब्द येथे महत्त्वाचा. परीक्षकाचा अहवाल येत नाही, मौखिक परीक्षेची तारीख ठरत नाही, आणि तोवर विद्यार्थ्याची फेलोशिप संपलेली असते, ही कहाणी कोणत्याही विद्यापीठाच्या आवारात ऐकायला मिळते. विशेष म्हणजे या विलंबाने घड्याळ थांबतही नाही आणि पुढेही सरकत नाही. पदवी नसल्याने पदवीधारकांच्या जागा मिळत नाहीत, आणि वयाची अट असणाऱ्या योजनांत मात्र महिने खर्ची पडत राहतात. प्रत्यक्ष पदवी प्रदान होण्यापूर्वी तात्पुरते प्रमाणपत्र देण्याची तरतूद याच नियमावलीत आहे. ते मागून घ्यावे. न मागता मिळेल, या भरवशावर राहू नये.

याच नियमावलीने आणखी एक बदल केला. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध केलेला असण्याची २०१६ च्या नियमावलीतील सक्ती २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. पदवीच्या दृष्टीने हा दिलासा असला तरी पोस्टडॉकच्या निवडीत शोधनिबंधांचे वजन तसूभरही कमी झालेले नाही. पहिल्या लेखकाचा मान असलेला किमान एक चांगला निबंध हाती असल्याशिवाय परदेशी फेलोशिपच्या स्पर्धेत उतरणे अवघड. जीवशास्त्रात प्रसिद्धीपूर्व निबंध म्हणजे ‘प्रीप्रिंट’ मांडण्याची प्रथा आता रुळली असून अनेक निवड समित्या तो विचारात घेतात.

देशातील योजना

भारतात पोस्टडॉक करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे एखाद्या मंजूर संशोधन प्रकल्पात ‘रिसर्च असोसिएट’ म्हणून लागणे. या पदाच्या तीन श्रेणी असून १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार त्यांचे मासिक विद्यावेतन अनुक्रमे ५८ हजार, ६१ हजार आणि ६७ हजार रुपये ठरवण्यात आले. त्यावर नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. त्याआधीचे, २०१९ चे दर ४७ हजारांपासून सुरू होत होते. तेही देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून केलेल्या आंदोलनानंतर पदरात पडले होते. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. म्हणजे आकडा जवळपास सारखाच दिसतो. मात्र प्राध्यापकाच्या वेतनावर महागाई भत्ता चढत जातो, रिसर्च असोसिएटचे विद्यावेतन पुढील सुधारणेपर्यंत तेथेच राहते. प्रकल्पाचा निधी वेळेवर न आल्यास काही महिने तेही हाती पडत नाही, ही या वर्गाची जुनी तक्रार आहे.

दुसरा मार्ग स्वतःच्या नावाने फेलोशिप मिळवण्याचा. यात संशोधक आपला प्रस्ताव घेऊन आपल्या पसंतीच्या संस्थेत जातो, त्यामुळे प्रयोगशाळेतील त्याचे स्थानही थोडे वेगळे राहते. जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप ही योजना जैववैद्यकीय संशोधकांना अधिक जवळची; तिचे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेमार्फत चालत आले आहे. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने सुरू केलेली ‘नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप’ सर्व विज्ञानशाखांना खुली आहे. दोन वर्षांची मुदत आणि अर्जाच्या अंतिम तारखेस ३५ वर्षांची वयोमर्यादा ही तिची चौकट; महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत. मंडळाच्या काळात दरमहा ५५ हजार रुपये आणि संशोधनखर्चासाठी वर्षाला दोन लाख रुपये मिळत. प्रबंध सादर केला आहे पण पदवी मिळालेली नाही, अशांनाही ३५ हजार रुपयांवर सामावून घेतले जाई, ही तरतूद वर सांगितलेल्या विलंबावरचा चांगला उतारा होती. हे मंडळ आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले असून, या प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ चा आहे. संकेतस्थळावरील जुनी माहितीपत्रके अद्याप फिरत असतात. अर्जदाराने प्रतिष्ठानाचे चालू वर्षाचे परिपत्रकच प्रमाण मानावे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आपल्या शताब्दीनिमित्त पोस्टडॉक फेलोशिप सुरू केली. ती परिषदेच्या स्वतःच्या संस्थांमध्ये काम करण्यासाठी आहे. संसर्गजन्य रोग, पोषण, प्रजननआरोग्य अशा विषयांत रस असणाऱ्यांना तिचा विशेष उपयोग. माजी जैवतंत्रज्ञान सचिव आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. महाराज किशन भान यांच्या नावाची फेलोशिप देशातच राहून संशोधन पुढे नेऊ इच्छिणाऱ्या तरुण पीएच.डी.धारकांसाठी आहे.

या सर्वांत वेगळी ठरते ती ‘इंडिया अलायन्स’. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून २००८-०९ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. करिअरच्या आरंभीच्या संशोधकांना पाच वर्षांची फेलोशिप, स्वतंत्र संशोधननिधी आणि काही काळ परदेशातील प्रयोगशाळेत काम करण्याची मुभा, असे तिचे स्वरूप. वयाची आणि राष्ट्रीयत्वाची अट नाही. वैद्यकीय पदव्युत्तर पदवी असलेल्या डॉक्टरांसाठीही तिच्यात स्वतंत्र वाट आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. १,५०० कोटी रुपयांच्या या टप्प्यात १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि ५०० कोटी वेलकमचे आहेत. नव्या फेलोशिप २०३०-३१ पर्यंत मंजूर होतील आणि मंजूर झालेल्यांचा खर्च २०३७-३८ पर्यंत चालवला जाईल. दोन वर्षांच्या करारांनी गांजलेल्या या क्षेत्रात पाच वर्षांचा निधी ही सर्वांत मोठी चैन आहे. त्यामुळे स्पर्धा तीव्र असते आणि मुलाखत कसून घेतली जाते.

महाराष्ट्रातील प्रयोगशाळा

या फेलोशिप घेऊन काम करण्यासारख्या संस्था आपल्या राज्यात कमी नाहीत. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात कर्करोग, प्रतिकारशक्ती आणि मूलपेशींवर संशोधन चालते. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवणारे भांडारही तेथेच आहे. हे केंद्र आता जैवतंत्रज्ञान विभागाच्या १४ स्वायत्त संस्था एकत्र करून २०२३ मध्ये स्थापन झालेल्या परिषदेचा भाग आहे. पाषाणची आयसर ही २००६ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तसेच आघारकर संशोधन संस्था ही पुण्यातील आणखी काही ठिकाणे. विषाणूंवर काम करू इच्छिणाऱ्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला पर्याय नाही. रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने १९५२ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेतच मार्च २०२० मध्ये देशात प्रथम कोरोना विषाणू वेगळा करण्यात आला. मुंबईत परळच्या परिसरात प्रजननआरोग्य आणि रक्तविकारांवरील परिषदेच्या संस्था आहेत. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा जीवशास्त्र विभाग आणि पवईला आयआयटीचा जैवविज्ञान विभाग आहे. खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ‘अॅक्ट्रेक’ हे रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असलेले केंद्र असल्याने कर्करोगाच्या संशोधकाला तेथे रुग्णांशी थेट निगडित प्रश्न हाती घेता येतात.

रक्ताच्या कर्करोगासंबंधी एका मुंबईकर न्यासाची नोंद येथे करायलाच हवी. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये ल्युकेमियाने निधन झाल्यानंतर सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली. ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्या जगभरातील शास्त्रज्ञांना हा न्यास तेव्हापासून साह्य करीत आला आहे.

अमेरिका : आकर्षण आणि अडथळे

भारतीय पीएच.डी.धारकांच्या मनात पोस्टडॉक म्हटले की आजही प्रथम अमेरिका येते. मेरिलँडमधील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे ‘एनआयएच’, २७ संस्था व केंद्रांचा समूह आहे. ती स्वतः संशोधन करते आणि विद्यापीठांना निधीही देते. तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळांत परदेशी संशोधकांना ‘व्हिजिटिंग फेलो’ म्हणून घेतले जाते, त्यासाठी पीएच.डी. मिळून पाच वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा लागतो. विद्यापीठांतील जागा मात्र बहुतांशी प्राध्यापकाच्या प्रकल्पनिधीतून भरल्या जातात आणि तेथे राष्ट्रीयत्वाचा प्रश्न येत नाही. एनआयएचच्या वैयक्तिक प्रशिक्षण फेलोशिप अमेरिकी नागरिक व कायम रहिवाशांपुरत्या आहेत. तथापि त्यांचे दर अनेक विद्यापीठे किमान वेतन म्हणून वापरतात. नवोदित पोस्टडॉकसाठी २०२४ या आर्थिक वर्षात हा दर वर्षाला ६१,००८ डॉलर होता. रुपयांत तो डोळे दिपवतो. बॉस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत घरभाडे दिल्यावर चित्र बदलते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पोस्टडॉकसह सुमारे ४८ हजार कर्मचारी-संशोधकांनी २०२२ अखेर केलेल्या संपाचे मूळ याच हिशेबात होते. डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएचच्या सल्लागार गटाने किमान वेतन ७० हजार डॉलर करावे आणि पोस्टडॉकचा काळ पाच वर्षांपुरता मर्यादित ठेवावा, अशी शिफारस केली होती.

परदेशी नागरिकाला खुला असलेला एक महत्त्वाचा पुरस्कार म्हणजे ‘के ९९’. पहिली दोन वर्षे मार्गदर्शकाच्या छत्राखाली आणि पुढची तीन वर्षे स्वतःच्या प्रयोगशाळेत, असा हा पूल २००६ पासून आहे. पण पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांहून अधिक झालेल्याला त्यासाठी अर्ज करता येत नाही. अनेक भारतीयांना या अटीचा शोध पाचव्या वर्षी लागतो.

व्हिसाचा विचार आधी करावा. बहुतेक पोस्टडॉक ‘जे-१’ या विनिमय व्हिसावर जातात. संशोधक वर्गात त्याची कमाल मुदत पाच वर्षे असून, तो संपवून परतल्यावर २४ महिने त्याच वर्गात पुन्हा जाता येत नाही. त्यामुळे सहा-आठ महिन्यांच्या छोट्या भेटीसाठी हा व्हिसा वापरून टाकणे पुढे महागात पडू शकते. अमेरिकेने ज्या कौशल्यांच्या यादीच्या आधारे काही देशांच्या नागरिकांना दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन घातले होते, त्या यादीतून ९ डिसेंबर २०२४ पासून भारत वगळला गेला. सरकारी निधीवर, उदाहरणार्थ फुलब्राइट फेलोशिपवर, जाणाऱ्यांना मात्र ते बंधन आहेच. फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक फेलोशिप ८ ते २४ महिन्यांची असून पीएच.डी. मिळून चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. संशोधनासाठी जाणाऱ्या डॉक्टरांना या व्हिसावर रुग्णांवर उपचार करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. भारत-अमेरिका करारानुसार संशोधकांना पहिली दोन वर्षे प्राप्तिकरातून सवलत मिळू शकते. परंतु मुक्काम दोन वर्षांहून लांबल्यास आधी घेतलेली सवलतही परत मागितली जाण्याची शक्यता असते. तेव्हा सवलत घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या कर विभागाशी बोलणे बरे.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या घोषणेने देशाबाहेरील उमेदवारासाठीच्या नव्या ‘एच-१बी’ अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. वर्षभरासाठी काढलेल्या या घोषणेत विद्यापीठांना सरसकट सूट नव्हती. त्याच वर्षी एनआयएचची अनेक मंजूर अनुदाने रद्द करण्यात आली आणि त्यावरून न्यायालयीन लढाया झाल्या. प्राध्यापकाने नेमणुकीचे पत्र दिले तरी त्यामागचा निधी कोणता आणि किती काळाचा, हे विचारणे आता उद्धटपणाचे मानले जाऊ नये. ज्याला हा प्रश्न खटकतो, त्याच्या प्रयोगशाळेत न गेलेलेच बरे!

युरोप आणि जपान

अमेरिकेकडची वाट अरुंद झाल्याचा परिणाम युरोपात लगेच दिसला. युरोपीय संघाच्या ‘मेरी स्क्वोडोव्स्का-क्युरी’ पोस्टडॉक फेलोशिपसाठी २०२४ मध्ये दहा हजारांच्या आसपास अर्ज आले होते. २०२५ मध्ये ती संख्या १७ हजारांच्या पुढे गेली. ही फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. यजमान देशात गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य नसावे, ही तिची प्रमुख अट, आणि पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपर्यंत चालतो. भारतातच पीएच.डी. केलेल्याला वास्तव्याची अट अडवत नाही, युरोपातील सर्व दारे खुली राहतात. जर्मनीत पीएच.डी. केलेल्याला मात्र लगेच जर्मनीसाठी अर्ज करता येणार नाही, फ्रान्स किंवा नेदरलँड्स निवडावे लागतील. फेरी वसंत ऋतूत खुली होते आणि सप्टेंबरमध्ये बंद होते. अर्ज यजमान संस्थेच्या सोबतीने करायचा असल्याने मार्गदर्शकाशी बोलणी मे-जूनपर्यंत पूर्ण झालेली असावीत. कमी गुण मिळालेला प्रस्ताव पुढील वर्षी त्याच संस्थेतर्फे पुन्हा पाठवता येत नाही, म्हणून ‘यंदा पाहू या तरी’ असा अर्ज करू नये.

स्ट्रासबर्ग येथील ‘ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम’ची तीन वर्षांची फेलोशिप जीवशास्त्रातील अत्यंत मानाची समजली जाते. पीएच.डी.नंतर तीन वर्षांच्या आत, नवा देश आणि नवा विषय, अशी तिची मागणी आहे. आपण पीएच.डी.त केले तेच पुढे रेटायचे असेल तर तेथे अर्ज करण्यात अर्थ नाही. भारत २००६ पासून या कार्यक्रमाचा सदस्य असल्याने भारतीय संशोधकाला जगातील कोणत्याही देशातील प्रयोगशाळा निवडता येते. भारत २०१६ मध्ये युरोपीय रेणवीय जीवशास्त्र परिषदेचा सहयोगी सदस्य झाला आणि ‘एम्बो’च्या फेलोशिपमध्येही भारतीयांना त्यामुळे वाव मिळाला.

जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप ६ ते २४ महिन्यांची असून पीएच.डी.नंतर चार वर्षांच्या आत मिळते. देश आणि विषय यांचा कोटा तीत नाही. जर्मन विद्यापीठांत पोस्टडॉक हा ठरलेल्या वेतनश्रेणीतील, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाचे हप्ते भरणारा कर्मचारी असतो. परंतु तेथील कायदा तात्पुरत्या करारांवर मर्यादा घालतो. पीएच.डी.नंतर सहा वर्षे, वैद्यकशास्त्रात नऊ, त्यापुढे अशा करारांवर राहणे कठीण. जपानच्या विज्ञान प्रोत्साहन संस्थेची १२ ते २४ महिन्यांची फेलोशिप पीएच.डी.नंतर सहा वर्षांपर्यंत घेता येते आणि तिच्यासाठीचा अर्ज जपानमधील यजमान शास्त्रज्ञाने करायचा असतो.

महिला संशोधकांबाबत या नियमांत हळूहळू शहाणपण येत आहे. बाळंतपण आणि बालसंगोपनाचा काळ वर्षांच्या हिशेबातून वगळण्याची सोय युरोपीय फेलोशिपमध्ये आहे, के ९९ मध्येही मुदतवाढ मिळते. मात्र ती आपोआप लागू होत नाही. कागदपत्रांसह मागावी लागते. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बायोकेअर’ आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा ‘वाइज-किरण’ या योजना महिला संशोधकांसाठी, विशेषतः खंड पडलेल्यांसाठी आखल्या गेल्या.

मार्गदर्शकाला पत्र

यापैकी बहुतेक योजनांत आधी यजमान मार्गदर्शकाची संमती लागते. ती मिळवण्याचे साधन म्हणजे एक छोटे पत्र. नामांकित प्रयोगशाळांच्या प्रमुखांना अशी पत्रे रोज येतात आणि ‘आदरणीय महोदय’ने सुरू होणारी, सर्वांना एकाच मजकुराची पाठवलेली पत्रे ते न वाचताच बाजूला सारतात. मार्गदर्शकाचे नाव, त्यांच्या अलीकडच्या एखाद्या निबंधातील नेमका प्रश्न, त्यावर आपल्याला काय करता येईल, आणि आपण कोणती तंत्रे हाताळली आहेत, एवढे दहा-बारा ओळींत लिहावे. कोणत्या फेलोशिपसाठी आपण पात्र आहोत आणि तिची अंतिम तारीख काय, हेही लिहावे. स्वतःचे विद्यावेतन घेऊन येण्याची शक्यता असलेला उमेदवार सर्वांनाच हवा असतो. सोबत जीवनवृत्त आणि शिफारस देऊ शकणाऱ्या तिघांची नावे.

शिफारसपत्रांबाबत आपल्याकडे एक घातक प्रथा आहे. मार्गदर्शक विद्यार्थ्यालाच मसुदा लिहून आणायला सांगतात. तीन पत्रांतील भाषा एकसारखी निघाली की निवड समितीला ते कळते. मार्गदर्शकाला काही सांगायचेच असेल तर आपण केलेल्या कामाची मुद्द्यांची टिपणे द्यावीत, पत्र त्यांना लिहू द्यावे.

प्रयोगशाळा निवडताना प्रमुखाच्या कीर्तीइतकेच त्यांच्याकडून गेलेल्या पोस्टडॉकचे पुढे काय झाले, हे पाहावे. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर जुन्या सदस्यांची यादी असते. त्यातील दोघा-तिघांना लिहिल्यास बहुधा मोकळेपणाने उत्तर मिळते. आपण सुरू केलेला विषय जाताना सोबत नेता येईल का, हा प्रश्न पहिल्याच मुलाखतीत विचारावा. युरोपातील जागांसाठी ‘युराॲक्सेस’ आणि देशातील जागांसाठी ‘इंडियाबायोसायन्स’ ही संकेतस्थळे उपयोगी आहेत. नेमणुकीसाठी उमेदवाराकडून पैसे मागणारी कोणतीही संस्था खरी नसते.

परतीची तिकिटे

पोस्टडॉक संपल्यावर सर्वांना प्राध्यापकपद मिळते, असे नाही. एनआयएचच्या कार्यगटाने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार अमेरिकेतही जैववैद्यकीय पीएच.डी.धारकांपैकी कायम अथवा कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकपदावर पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले होते. औषधकंपन्या, चिकित्सा-चाचण्या, पेटंट, विज्ञानलेखन असे रस्ते बाकीचे धरतात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

भारतात परतू इच्छिणाऱ्यांसाठी पुन्हा तारखांचा खेळ आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर फॅकल्टी’ ही पाच वर्षांची फेलोशिप दरमहा सव्वा लाख रुपये आणि वर्षाला सात लाखांचा संशोधननिधी देते, पण तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षे आहे. तिशीच्या उंबरठ्यावर पीएच.डी. झालेल्याला परदेशात एक पूर्ण पोस्टडॉक करून ही मर्यादा गाठणे जवळपास अशक्य. त्याने परदेशातूनच, दुसऱ्या वर्षी अर्ज टाकावा. त्यानंतर उरते ती प्रामुख्याने जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप. प्रख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. रामलिंगस्वामी यांच्या नावाने २००६-०७ मध्ये सुरू झालेली ही पाच वर्षांची योजना परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीच आहे. अनेक आयसर आणि आयआयटींत सहायक प्राध्यापकाच्या वरच्या श्रेणीसाठी पीएच.डी.नंतर किमान तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो, आणि त्यांच्या जाहिराती वर्षभर खुल्या असतात. या संस्थांत मुलाखतीऐवजी आधी व्याख्यानाला बोलावण्याची पद्धत आहे. सुटीवर मायदेशी येणाऱ्या पोस्टडॉकने दोन-तीन संस्थांना महिनाभर आधी कळवल्यास असे व्याख्यान ठरू शकते. प्रवासखर्च बहुधा स्वतःचाच.